ढोल नसलेली थाप

उन्हाळ्यात आमच्याकडे अमळनेरला संध्याकाळच्या भाकरी मागच्या अंगणात होतात, कारण पत्र्याखालचे स्वयंपाकघर रात्री नऊपर्यंत तापलेले असते आणि तिथे चूल पेटवण्याची कुणाची छाती होत नाही. माझ्या आत्याने, जिला आम्ही घरात फुई म्हणतो, पंच्याहत्तरी ओलांडली आहे. तरीही कळण्याची भाकरी तिच्याच हातची व्हावी असा तिचा आग्रह असतो आणि तो योग्य आहे, कारण ज्वारी-उडदाचे ते पीठ आमच्यापैकी दुसऱ्या कुणाच्या हाताला दाद देत नाही. वैशाखातल्या अशाच एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी पाटावर बसून, मोबाइलला जोडलेल्या लहानशा स्पीकरवर कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकार फ्लॉरेन्स प्राइस यांचे ए मायनर या स्वरपट्टीतले पियानो क्विंटेट ऐकत होते. पहिले दोन भाग फुईने ऐकून न ऐकल्यासारखे केले. तिसरा भाग सुरू झाला, तसा तिचा परातीतला हात थांबला, आणि थोडा वेळ कान देऊन तिने विचारले, “यामा ढोल कोठे शे?”

यात ढोल कुठे आहे, हा तिचा प्रश्न. क्विंटेटमध्ये ढोल नाही. दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो आणि पियानो, एवढीच वाद्ये आहेत. पण फुईच्या कानाला ढोल ऐकू आला होता आणि दिसत मात्र नव्हता, म्हणून तिने तो कुठे आहे असे विचारले. या रचनेविषयी मी तोवर जे काही वाचले होते, त्यातल्या बहुतेक मजकुरापेक्षा हा प्रश्न मला नेमका वाटला. आणि त्याचे उत्तर शोधायला निघालो की 1935च्या सुमाराच्या शिकागोतून थेट 1739 सालच्या साउथ कॅरोलायनापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी सप्टेंबरमध्ये स्टोनो नदीच्या काठावर गुलाम केलेल्या आफ्रिकी लोकांनी उठाव केला आणि ते ढोल वाजवत, वाटेत आणखी माणसे गोळा करत दक्षिणेकडे निघाले. उठाव चिरडला गेला. पुढच्या वर्षी, 1740 मध्ये, त्या वसाहतीने जो कायदा केला, त्यात गुलामांना ढोल, शिंगे आणि दूरवर ऐकू जाणारी इतर वाद्ये बाळगण्यास व वाजवण्यास मनाई केली, कारण मळेवाल्यांच्या लेखी ढोल हे निरोप पोहोचवण्याचे आणि माणसे जमवण्याचे साधन होते. ढोल काढून घेतला गेला. लय कुणाला काढून घेता आली नाही. हात, मांड्या, छाती आणि पाय यांवर थापा मारून तिचा सगळा विस्तार अंगावरच उभा करण्याची रीत मळ्यांवर रुजली. या नाचाला आणि त्यातल्या अंगवाद्याला ‘जुबा’ म्हणतात. त्याची मुळे पश्चिम आफ्रिकेतली आहेत, तो केवळ एका कायद्यामुळे जन्माला आला असे नव्हे. परंतु ज्या ठिकाणी ढोलाला बंदी होती, त्या ठिकाणी माणसाचे शरीर हेच ढोल झाले, आणि प्राइस यांच्या क्विंटेटच्या तिसऱ्या भागाचे नावच ‘जुबा’ असे आहे.

मराठीत हे समजावून सांगायला मला फार शब्द लागले नाहीत, कारण आपल्याकडे ‘थाप’ हा शब्द आहे. भाकरी थापतात, ढोलकीवर थाप पडते, पाठीवर शाबासकीची थाप मिळते. तळहात, वजन आणि वेळ यांचा मेळ म्हणजे थाप. मी फुईला म्हटले, ढोल काढून घेतलेल्या लोकांची ही थाप आहे, आणि एका बाईने ती तारेच्या वाद्यांवर लिहून ठेवली आहे. ती काही बोलली नाही. पुढची भाकरी मात्र तिने परातीत नेहमीपेक्षा सावकाश फिरवली.

फ्लॉरेन्स बिअट्रिस स्मिथ यांचा जन्म 9 एप्रिल 1887 रोजी अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरात झाला. वडील दंतवैद्य होते, आई संगीत शिकवत असे, आणि पियानोचे पहिले धडे त्यांना आईकडूनच मिळाले. शाळा संपवून त्या बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत गेल्या. तिथे नाव नोंदवताना मूळ गाव म्हणून मेक्सिकोतल्या प्वेब्लोचे नाव दिले गेले, कारण मेक्सिकन म्हणून खपून गेल्यास वर्णभेदाचे चटके थोडे कमी बसतील असा आईचा हिशेब होता. 1906 मध्ये ऑर्गनवादन आणि पियानो-शिक्षण अशा दोन्ही शाखांतून त्या उत्तीर्ण झाल्या. जॉर्ज चॅडविक यांच्याकडे त्यांनी रचनेचे शिक्षण घेतले. पुढे दक्षिणेत अध्यापन, 1912 मध्ये थॉमस प्राइस या वकिलांशी लग्न, मुले, आणि लिटल रॉकमध्ये दिवसेंदिवस वाढत गेलेली दहशत. त्यांच्याच राज्यातल्या संगीतशिक्षकांच्या संघटनेने वर्णामुळे त्यांना सदस्यत्व नाकारले. 1927 मध्ये त्या शहरात एका कृष्णवर्णीय माणसाला जमावाने ठार केले, आणि त्याच वर्षी प्राइस कुटुंब शिकागोला गेले.

शिकागोतली त्यांची पहिली काही वर्षे मी पुन्हा पुन्हा वाचते, कारण त्यांच्या संगीताचा पोत मला तिथे सापडतो. 1931 मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. पोटासाठी त्यांनी मूकपटांच्या पडद्यासमोर ऑर्गन वाजवला, ‘व्ही जे’ या टोपणनावाने हलकी लोकप्रिय गाणी लिहिली, शिकवण्या केल्या. काही काळ त्या आपली विद्यार्थिनी आणि पुढे स्वतः नावाजलेली पियानोवादक व संगीतकार झालेली मार्गारेट बॉन्ड्स हिच्या घरी राहिल्या. बॉन्ड्स यांनी नंतर सांगितलेल्या आठवणींत एक मोठे स्वयंपाकघराचे टेबल आहे: शिकागोतल्या कडाक्याच्या थंडीत त्या टेबलाभोवती सगळे बसलेले, कागद पसरलेले, आणि स्पर्धेची मुदत जवळ आली की ओळखीपाळखीतले जे कुणी कृष्णवर्णीय संगीतकार स्वरलेखन करू शकत, ते प्राइस यांच्या रचनेतले एकेका वाद्याचे भाग उतरवून देण्यासाठी हातभार लावत. पुढे ज्या सिंफनीने, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या रचनेने, इतिहास घडवला, तिच्या काळातले त्यांचे घर असे होते. आमच्या अंगणात पापडाच्या दिवसांत शेजारणी लाटणी-पोळपाट घेऊन येतात, तेव्हा मला ते टेबल आठवल्याशिवाय राहत नाही.

त्या सिंफनीची आणखी एक गोष्ट आहे. 1931च्या जानेवारीत त्यांचा पाय मोडला आणि घरात बसून राहावे लागल्यामुळे त्यांना लिहायला सलग वेळ मिळाला. एका पत्रात त्यांनी, पाय मोडण्याचे असे भाग्य आता पुन्हा केव्हा लाभणार, अशा अर्थाचे वाक्य लिहिले आहे. वाक्य हसून लिहिलेले असेल. मला ते वाचताना हसू येत नाही. घर, मुले आणि शिकवण्या सांभाळणाऱ्या बाईला कागदासमोर काही दिवस बसता यावे, यासाठी हाड मोडावे लागते, ही गोष्ट आपल्याकडच्या किती घरांत खरी आहे, हे कुठल्याही बाईला विचारावे. त्या काळात पूर्ण झालेल्या ई मायनर सिंफनीला 1932 मध्ये वानामेकर पुरस्कार मिळाला, आणि 15 जून 1933 रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या नेतृत्वाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती वाजवली. एखाद्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीची सिंफनी मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिली वेळ होती.

प्राइस यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक लोक या तारखेपाशी थांबतात, आणि ते स्वाभाविकही आहे. मला स्वतःला मात्र प्राइस सिंफनीपेक्षा चेंबर म्युझिकमध्ये अधिक जवळच्या वाटतात. ‘चेंबर’ म्हणजे खोली. तीन, चार किंवा पाच माणसांनी एका खोलीत बसून, कुणी नेतृत्व करणारा समोर उभा नसताना, एकमेकांच्या श्वासाकडे आणि गजाकडे पाहत वाजवायचे हे संगीत आहे, आणि प्रत्येक वाद्याची ओळ एकच माणूस वाजवत असल्यामुळे त्यात कुणालाही गर्दीआड दडता येत नाही. आपल्या शब्दांत सांगायचे तर तो जलसा नव्हे, बैठक आहे. मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकले. मांडी घालून, व्हायोलिनचे डोके पायाच्या घोट्यावर टेकवून, तारा सा-प-सा-प अशा लावून. आमच्या बैठकीत स्वराचा धागा एकच असतो आणि बाकीचे त्याला साथ करतात. स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये, म्हणजे दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्या मेळात, चार धागे असतात आणि साथ कुणाची कुणाला, हे क्षणाक्षणाला बदलते. हे ऐकायला शिकताना मी पहिल्या व्हायोलिनला सोडून मुद्दाम व्हायोलाच्या मागे लागले, कारण ते मधल्या आवाजाचे वाद्य आहे आणि नवख्या कानाला ते जवळजवळ ऐकूच येत नाही. एका रचनेत व्हायोला सापडला की उरलेले तिन्ही आवाज आपोआप वेगळे होतात. ज्यांना ऐकायचे आहे त्यांना माझे हेच सांगणे राहील.

आता क्विंटेटविषयी. त्याचे चार भाग आहेत आणि त्यांतला पहिला सर्वांत मोठा आहे. त्यात प्राइस यांनी बॉस्टनमध्ये मिळवलेली सगळी विद्या, म्हणजे विषय मांडणे, तो मोडणे, वेगवेगळ्या स्वरस्थानांतून फिरवणे आणि पुन्हा घरी आणणे, मोठ्या आत्मविश्वासाने वापरलेली आहे. दुसरा भाग संथ आहे आणि त्याला चर्चमधल्या सामूहिक गाण्याचा वास आहे. एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी तिला उत्तर द्यायचे, अशी ती पद्धत. लहानपणी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही मुली झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणायचो, तेव्हा एका गल्लीच्या मुलींनी ओळ टाकायची आणि दुसऱ्या गल्लीच्या मुलींनी ती उचलायची असे चालत असे. त्यामुळे पियानो एक वाक्य बोलतो आणि तारा ते उचलतात, हे मला कुणी समजावून सांगावे लागले नाही.

आणि मग तिसरा भाग, जुबा. युरोपच्या परंपरेत या जागी बहुतेक वेळा ‘स्कर्झो’ असतो, म्हणजे चपळ, खेळकर, तीन मात्रांच्या चालीचा भाग. आणि त्याच्याही आधीच्या काळात दरबारी ‘मिन्युएट’ असे. प्राइस यांनी ती जागा जुबाला दिली. ई मायनर सिंफनीत दिली, 1935 सालच्या ए मायनर स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दिली, क्विंटेटमध्ये दिली. आणि त्याविषयी त्यांनी लिहूनही ठेवले आहे की, आपल्या लोकांचे संगीत जसे गुलामांनी रचलेल्या स्पिरिच्युअल भजनांवाचून, तसेच जुबाच्या उसळत्या लयीवाचूनही आपल्याला कल्पिता येत नाही. त्यांच्या या निर्णयाकडे मी फार आदराने पाहते. लोकसंगीताचा एखादा तुकडा शोभेसाठी लावणे सोपे असते. इथे मात्र मांडणीतला एक खांबच बदलला आहे, आणि तरीही इमारत तशीच तोलून उभी आहे. क्विंटेटमध्ये तर गंमत अशी की जुबानंतर चौथा भाग म्हणून स्कर्झोही येतो, जणू पाहुण्याला जागा दिली तरी घरातल्याला बाहेर काढलेले नाही; फक्त तो आता शेवटी बसला आहे.

जुबाची लय हिंदुस्थानी कानाने ऐकावी अशी आहे. खालची चाल सरळ असते, जणू पाय जमिनीवर ठरलेल्या मात्रांना पडत आहेत. तिच्यावरची ओळ मात्र आडीत चालते. जोर मात्रेवर न येता दोन मात्रांच्या मधल्या फटीत येतो, आणि कान समेची वाट पाहत असताना सूर तिला हुलकावणी देऊन पुढे सरकतो. तबलजी हे रोज करतात. पण तबलजीच्या हाताखाली तबला असतो. इथे हेच काम पियानोच्या डाव्या-उजव्या हातांत आणि चार तंतुवाद्यांत वाटून दिले आहे, आणि म्हणूनच फुईला ढोल ऐकू आला. तो पाच जणांच्या मधल्या मोकळ्या जागेत होता.

प्राइस यांच्या आधीच्या एका क्वार्टेटचाही उल्लेख करायला हवा. 1929 सालचे जी मेजर स्ट्रिंग क्वार्टेट दोनच भागांचे आहे. त्यातला दुसरा, संथ भाग स्वतंत्रपणेही वाजवला जातो, आणि चेंबर म्युझिक कधीच न ऐकलेल्या माणसाला मी सर्वप्रथम तोच ऐकवीन. त्यातले गाणे इतके साधे आहे की ते कुठल्याही घरात म्हटले जाणारे वाटावे. मध्ये थोडा वेळ एक चालतीबोलती, जरा खट्याळ लय येते आणि मग ते गाणे परत येते. परत येताना त्याचे स्वर बदललेले नसतात, पण ऐकणारा बदललेला असतो.

मी सर्वांत जास्त वेळ ज्या रचनेपाशी काढला, ती मात्र ‘फाइव्ह फोकसाँग्ज इन काउंटरपॉइंट’, म्हणजे स्ट्रिंग क्वार्टेटसाठी लिहिलेली पाच लोकगीते. काउंटरपॉइंट म्हणजे एकाच वेळी दोन किंवा अधिक स्वतंत्र सुरावटी अशा चालवणे, की प्रत्येक सुरावट स्वतःच्या पायावर उभी राहील आणि एकत्र आल्यावर त्यांचा मेळही बसेल. बाखच्या नावाशी जोडलेली ही विद्या युरोपीय संगीतात सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाते. प्राइस यांनी या विद्येसाठी निवडलेली गाणी पाहावीत: ‘कॅल्व्हरी’ हे स्पिरिच्युअल, ‘क्लेमेंटाइन’ हे खाणकामगाराच्या मुलीचे, अमेरिकेतल्या लहान मुलांनाही पाठ असलेले गाणे, ‘ड्रिंक टू मी ओन्ली विथ दाइन आइज’ हे बेन जॉन्सनच्या शब्दांचे इंग्रजी दिवाणखान्यातले गीत, ‘शॉर्टनिन ब्रेड’ हे दक्षिणेतले लोकगीत, आणि शेवटी ‘स्विंग लो, स्वीट चॅरियट’, जे फिस्क विद्यापीठाच्या ज्युबिली सिंगर्सनी 1871 पासूनच्या आपल्या दौऱ्यांतून जगापुढे नेलेल्या स्पिरिच्युअल्सच्या परंपरेतले आहे. गुलामांनी रचलेली भजने आणि इंग्रजांच्या दिवाणखान्यातले गाणे यांना प्राइस यांनी एकाच पंगतीत बसवले, सगळ्यांना सारखेच वाढले आणि एकाच कसोटीला लावले. कुणालाही ‘हे केवळ लोकगीत’ म्हणून सवलत दिली नाही, की कमी लेखले नाही.

हे मला इतके का भिडते, त्याचे एक कारण माझ्या आयुष्यातले आहे. महाविद्यालयात असताना एका स्पर्धेत मी राग वाजवून झाल्यावर धून म्हणून आखाजीच्या एका गाण्याची चाल घेतली होती. चाल मी फुईकडूनच शिकले होते आणि ती व्हायोलिनवर बसवायला मला दोन महिने लागले होते, कारण त्या चालीत एके ठिकाणी गंधार असा काही ओढला जातो की तो कोमलही म्हणता येत नाही आणि शुद्धही नाही. परीक्षकांनी गुणपत्रिकेवर शेरा लिहिला की लोकगीताला या विभागात स्थान नाही, आणि अहिराणी गाण्याची निवड अभिरुचीला धरून नाही. शेऱ्याचा पहिला भाग नियमाचा होता, तो मी मान्य केला. दुसरा भाग मी वीस वर्षांत विसरू शकले नाही. त्या गंधाराबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिले असते, तो चुकला असे जरी लिहिले असते, तरी मला चालले असते.

अभिरुचीचा हा प्रश्न प्राइस यांच्या काळात अमेरिकेतही गाजत होता. 1893 मध्ये झेक संगीतकार ड्वोर्झाक अमेरिकेत असताना, या देशाचे भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या गीतांच्या पायावर उभे राहावे असे त्यांनी जाहीरपणे म्हटले होते. हॅरी बर्ली या तरुण कृष्णवर्णीय गायकाकडून त्यांनी ती गीते ऐकली होती, आणि त्याच वर्षी आयोवातल्या स्पिलव्हिल या गावी त्यांनी एफ मेजरमधले आपले ‘अमेरिकन’ क्वार्टेट लिहिले. ते क्वार्टेट सुंदर आहे, मला ते मनापासून आवडते. पण ते पाहुण्याच्या कानाने ऐकलेले आहे. प्राइस यांच्याकडे तेच स्वर घरातून आलेले आहेत आणि त्यामुळे त्यांना ते मिरवावे लागत नाहीत. प्राइस त्या स्वरांशी वाद घालू शकतात, त्यांना मध्येच तोडू शकतात.

5 जुलै 1943 रोजी प्राइस यांनी बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्जे कूसेविट्स्की यांना पत्र लिहिले आणि सुरुवातीलाच सांगितले की आपल्यापुढे दोन अडथळे आहेत, एक स्त्री असण्याचा आणि दुसरा वंशाचा. त्यांची विनंती एवढीच होती की आपले संगीत केवळ त्याच्या गुणांवर पारखले जावे. कूसेविट्स्की यांनी त्यांची रचना वाजवली नाही. 3 जून 1953 रोजी प्राइस वारल्या. त्यानंतरच्या दशकांत त्यांची काही गाणी गायली जात राहिली. गायिका मॅरियन अँडरसन यांनी 1939 मध्ये लिंकन स्मारकापुढच्या विख्यात कार्यक्रमात प्राइस यांनी बांधलेले एक स्पिरिच्युअल गायले होते, आणि योगायोगाने तो प्राइस यांचा बावन्नावा वाढदिवस होता. पण मोठ्या रचनांची हस्तलिखिते मात्र कुठे आहेत हेच अनेकांबाबत कळेना.

2009 मध्ये शिकागोच्या दक्षिणेला सेंट ॲन या लहान गावात एका जोडप्याने एक पडके घर विकत घेतले. त्या घराच्या छतावर झाड कोसळून मोठे भगदाड पडलेले होते, आतले सामान कुणीतरी विस्कटून टाकले होते. पण घराचा एक भाग कोरडा राहिला होता आणि तिथे कागदांचे गठ्ठे होते. त्यांवर फ्लॉरेन्स प्राइस हे नाव होते. हे त्यांचे उन्हाळ्यात राहण्याचे घर होते. त्या गठ्ठ्यांत दोन व्हायोलिन कंचेर्टो निघाले, चौथी सिंफनी निघाली, आणखी कितीतरी निघाले, आणि ते सगळे आर्कान्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पोहोचले. 2018 मध्ये एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने त्यांच्या रचनांचे हक्क घेतले, आणि त्यानंतर त्यांची क्वार्टेट्स व क्विंटेट्स ध्वनिमुद्रित होऊ लागली. आज अमळनेरच्या अंगणात मला ती ऐकता येतात, ती यामुळे.

या घटनेला ‘शोध’ म्हणतात, आणि तो शब्द मला अपुरा वाटतो. आमच्याकडे विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढतात, तेव्हा कुणी बादलीचा शोध लागला म्हणत नाही. ती पडली कशी आणि इतके दिवस कुणी खाली का पाहिले नाही, असेच विचारतात. शिकागोत 1933 साली शेकडो लोकांनी टाळ्या वाजवलेल्या, वर्तमानपत्रांनी दखल घेतलेल्या संगीतकाराची हस्तलिखिते पडक्या घरात राहिली, याला झाडाचा किंवा पावसाचा दोष नाही. ज्या संस्थांनी ती वाजवायची होती, त्यांनी ती मागितली नाहीत. मागणी नसली की कागद जिथे ठेवला असेल तिथेच राहतो. घराचा तेवढा कोपरा कोरडा राहिला हे मात्र आपल्या सर्वांचे नशीब.

गेल्या श्रावणापासून आम्ही ‘स्विंग लो’ वाजवण्याचा प्रयत्न करत आहोत. आम्ही म्हणजे मी, माझ्याकडे शिकणाऱ्या दोन मुली आणि शेजारचा एक मुलगा. आमच्या गावात व्हायोला नाही आणि चेलोही नाही. स्वरलेखन मी मागवून घेतले. व्हायोलाची ओळ निराळ्या खुणेने लिहिलेली असते, ती उलगडून तिच्याखाली पेन्सिलीने सारेगम लिहायला मला तीन रात्री लागल्या. ती ओळ मी व्हायोलिनवरच वाजवते आणि जिथे स्वर फार खाली जातात तिथे एक सप्तक वर चढते. चेलोची ओळ तो मुलगा पेटीच्या खर्जावर धरतो. तारा सा-प-सा-पवरून उतरवून पाश्चात्त्य पद्धतीने लावताना पहिल्याच दिवशी एक तार तुटली. गाण्याचे मूळ स्वर सा रे ग प ध एवढेच आहेत, म्हणजे भूपाचेच. पण मुलींना मी पहिल्याच दिवशी बजावले की हा भूप नाही, इथे गंधारावर बसून राहायचे नाही, कारण तोपर्यंत दुसरीची ओळ पुढे निघून गेलेली असते. एकमेकींची ओळ ऐकत आपली ओळ सोडायची नाही, हे त्यांना फार जड जाते. मलाही जाते. पहिला महिनाभर आम्ही चौघे एकाच चालीला येऊन मिळायचो, जसे भजनात मिळतात, आणि मग थांबून पुन्हा सुरू करायचो.

फुई ओट्यावर बसून ऐकते. परवा धाकट्या मुलीची ओळ नेहमीच्या जागी, आठव्या मापाच्या, म्हणजे आवर्तनासारख्या मात्रागटाच्या, पुढे एक मात्रा आधी शिरली आणि आम्ही सगळे गडबडलो. फुईने पाटावर तळहाताने सरळ चार मात्रा दिल्या, पुन्हा दिल्या, आणि तिसऱ्यांदा देताना म्हणाली, “आते ये.” मुलगी बरोबर शिरली. अकराव्या मापात पेटी मागे राहिली. आज पुन्हा तिथून सुरू करायचे आहे.